साल्पेकरांच्या टाकीचे पाणी

पाणपोई सुरू होऊन पाच दिवस झाले, तेव्हा गोपाळकृष्ण साल्पेकरांच्या टाकीचे पाणी एकंदर दोघांनी प्यायले होते. त्यांतला एक चादरी विकणारा परगावचा फेरीवाला होता, त्याला इथले काही ठाऊक नव्हते. दुसरी शेळी होती. तिने गळत्या तोटीला तोंड लावले आणि लगेच काढून घेतले. हे साल्पेकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, कारण त्या पाच दिवसांत व्हरांड्यात बसून तोटीकडे पाहण्याखेरीज त्यांना दुसरे कामच नव्हते.

बालाघाटहून लालबर्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहर संपता संपता जे वळण लागते, त्या वळणावर त्यांचे घर आहे. शेअर ऑटो तिथे थांबतात, बसही हात दाखवला की थांबते. मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळात तिथले डांबर मऊ होऊन चपलेला धरते. अशा जागी पाणपोई चालवायला फारशी अक्कल लागत नाही. ती न चालवून दाखवायला मात्र लागते, आणि ती अक्कल साल्पेकरांनी एकतीस वर्षे सरकारी खर्चाने कमावलेली होती.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ते नोकरीला लागले ते एकोणतिसाव्या वर्षी, सेवानिवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. काम असे की जीपमधून गावोगाव जायचे, विहिरीचे, हातपंपाचे पाणी निर्जंतुक बाटलीत भरायचे, परत येऊन तपासायचे आणि छापील नमुन्यावर ‘पिण्यास योग्य’ आणि ‘पिण्यास अयोग्य’ यांपैकी एक ओळ खोडायची. एवढ्या वर्षांत त्यांनी किती ओळी खोडल्या असतील याला गणती नाही. हट्टा गावची जुनी बावडी पाहायला गेलेले पाहुणे तिचे दगडी काम पाहून थक्क होत, तेव्हा साल्पेकर पायरीवर वाकून पाण्याचा रंग पाहत आणि हिचा गाळ शेवटचा कधी काढला असेल, या विचारात पडत. त्यांच्या पत्नी माणिकताई नातेवाइकांना सांगत, “यांना ताजमहाल दाखवला, तर हे विचारतील की पाणी कुठून येतं.”

ज्या गावाला ‘अयोग्य’ असा निकाल जाई, त्या गावाला एक पत्रकही जाई. ते साल्पेकरांनीच लिहिलेले होते. पाणी निवळू द्यावे, गाळावे, उकळावे अथवा ब्लीचिंग पावडर घालून अर्धा तास थांबावे, असा त्याचा आशय. भाषा इतकी शुद्ध होती की खात्यात तिचे कौतुक झाले होते. बिरशाच्या पलीकडच्या एका पाड्यावर महागू नावाच्या म्हाताऱ्याने ते पत्रक उलटसुलट करून पाहिले आणि विचारले होते, “साहेब, हे पानी खराब म्हणता, त चांगलं कोनतं ते एक डाव पाजून दाखवा ना.” साल्पेकरांनी त्याला पत्रकातला तिसरा परिच्छेद वाचून दाखवला आणि ते जीपमध्ये जाऊन बसले. जीपमध्ये त्यांचा थर्मास होता. त्यात घरून आणलेले, उकळून गार केलेले पाणी होते. ते त्यांनी प्यायले आणि जीप निघाली.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी तो म्हातारा त्यांना अधूनमधून आठवू लागला. एकतीस वर्षांत आपण हजारो लोकांना काय पिऊ नये ते सांगितले, पण एकालाही पेलाभर पाणी पाजले नाही, ही गोष्ट त्यांना एरवी फुगलेल्या सेवापुस्तकातल्या कोऱ्या पानासारखी दिसू लागली. त्यांना फार काही नको होते. या वळणावर थांबलेल्या माणसाने त्यांच्या हातचे पाणी प्यावे आणि त्याचे पोट बिघडू नये, एवढेच.

म्हणून त्यांनी पाचशे लिटरची काळी टाकी आणली, लोखंडी घोडीवर चढवली, तिला तोटी लावली आणि तोटीला साखळीने स्टीलचा पेला बांधला. घरच्या विहिरीचे पाणी पंपाने टाकीत चढे. विहीर मेमध्ये तळाला गेलेली असते, त्यामुळे पाणी थोडे गढूळ येई. पण रोज सकाळी साल्पेकर मोजून ब्लीचिंग पावडर टाकत असल्यामुळे काळजीचे कारण नव्हते. टाकीच्या शेजारी त्यांनी फलक उभारला. वर मोठ्या अक्षरांत ‘शुद्ध एवं परीक्षित पेयजल’, खाली एक कोष्टक: नमुना घेतल्याचा दिनांक, गढूळपणा, कठिणपणा, अवशिष्ट क्लोरीन, आणि तळाशी लाल रंगात ‘क्लोरीनद्वारा उपचारित’. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात तहानेने जीव कासावीस झालेला माणूस पाण्याला हात लावण्यापूर्वी आधी कोष्टक वाचतो आणि वाचून निश्चिंत होतो, अशी सदर गृहस्थांची समजूत होती. अलीकडे साल्पेकर स्वतःचा विचार करताना मनात ‘सदर गृहस्थ’ असेच म्हणत. अहवालाच्या भाषेत स्वतःकडे पाहिले की दोष लवकर सापडतात आणि कमी टोचतात.

“टाकी उन्हात आहे,” माणिकताई म्हणाल्या. “पाण्यात चहापत्ती टाका, मग बघा कशी गर्दी होते.”

गर्दी होती, पण रस्त्याच्या पलीकडे. तिथे चिंचेखाली सत्यभामाबाईंची पाणपोई होती. तिला फलक नव्हता. वाळूत रोवलेले पाच रांजण, त्यांवर ओले गोणपाट, एक लांब नळीची पितळी झारी, आणि झारी धरून बसलेल्या सत्यभामाबाई. लालबर्र्याकडच्या एका खेड्यातून ही बाई तीस वर्षांपूर्वी शहरात आली, चिंचेमागच्या घरात राहिली आणि दर उन्हाळ्यात पाणी पाजत आली. ऑटो थांबला की माणसे उतरून तिच्यापुढे वाकत, ओंजळ करत, ती झारीची बारीक धार धरी. ओंजळीतून कोपरापर्यंत ओघळ जाई, माणूस मान वर करून श्वास घेई आणि पुन्हा वाकत असे. साल्पेकर व्हरांड्यातून हे पाहत आणि झारी भरताना तिची बोटे रांजणातल्या पाण्याला लागतात, हे मनातल्या मनात नोंदवत.

सहाव्या दिवशी त्यांनी राजेंद्रला हाक मारली. राजेंद्र त्या वळणावरचा जुना ऑटोवाला, सगळ्या प्रवाशांचा आणि सगळ्या बातम्यांचा माणूस.

“राजेंद्र, माझ्या पाण्यात काय वाईट आहे?”

“वाईट काई नाई, काका,” राजेंद्र मानेचा घाम पुसत म्हणाला. “पर बोर्ड लावला ना तुमी. सवाऱ्या वाचतेत. म्हणतेत, दवाईवाला पानी है. एक बाई त म्हणे, उपचार बिमार माणसाचा करतेत. पाण्याचा उपचार केला म्हणजे पाणी बिमार होतंच ना?”

तर्कदृष्ट्या त्या बाईचे म्हणणे बिनचूक होते.

“आन वास येते, काका. हस्पताल सारका.”

“तो वास म्हणजेच पाणी सुरक्षित असल्याची खूण.”

“असंन,” राजेंद्र अदबीने म्हणाला, आणि रस्ता ओलांडून चिंचेखाली पाणी प्यायला गेला.

त्या दिवशी संध्याकाळी साल्पेकर खिशात एक छोटी बाटली घालून पलीकडे गेले. ही बाटली त्यांच्या नोकरीतली जुनी सोबतीण. तिच्या तळाशी औषध लावलेले असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, बूच लावायचे आणि उबेत एकदोन दिवस ठेवायचे. पाण्यात मैल्यातले जंतू असले तर ती काळी पडते. प्रयोगशाळेत उबेसाठी यंत्र लागे. बालाघाटचा मे महिना ते काम कोणत्याही खोलीत फुकट करून देतो. आपण हेरगिरीला चाललो आहोत, हे साल्पेकरांना कळत होते. आपल्या मनात लोकांच्या आरोग्याची काळजी किती आणि चिंचेखालच्या गर्दीचा मत्सर किती, याचे पृथक्करण करायला मात्र त्यांच्याकडे उपकरण नव्हते.

सत्यभामाबाई एका खडबडीत दगडावर कसले तरी चपटे, गोल बी उगाळत होत्या.

“या, साल्पेकरबाबू. बसा.”

“हे निवळीचं बी ना?”

“हौ जी. बिरशाकडच्या जंगलातलं. भाची धाडते. हिरीचं पाणी आता चहासारकं येते. हे उगाळून रांजणात लावलं का सकाळी आरशावानी.” त्यांनी झाकण सरकवून दाखवले. पाणी खरोखरच इतके नितळ होते की रांजणाच्या बुडाची वाळू मोजता आली असती. साल्पेकरांच्या टाकीत बोट बुडवले तर नख दिसत नसे.

विहीर चिंचेच्या मागे होती. उघडी, बिनकठड्याची, आणि दहा पावलांवर म्हशींचा गोठा. साल्पेकरांनी अंतर नजरेने मोजले. सत्यभामाबाईंनी हात घालून रांजणातून झारी भरली.

“ओंजळ करा जी.”

“नको,” साल्पेकर पटकन म्हणाले. “आत्ताच प्यायलो. तपासायला थोडं हवं होतं, एवढंच.”

सत्यभामाबाईंनी बाटलीत धार धरली. एकही थेंब बाहेर सांडला नाही. मग झारी खाली ठेवून त्यांनी विचारले, “तुमी सोता काय पेता, बाबू?”

“म्हणजे?”

“म्हणजे असं का, पाणपोई मांडली का मांडणाऱ्यानं पयली ओंजळ सोता घ्या लागते. सगळ्यायच्या समोर. मंग लोकं पेतात. तुमी त पाच दिवस झाले, टाकीच्या म्होरं बसून निळ्या बाटलीतलं पेऊन राह्यले. मले हितून दिसते. ऑटोवाल्यायले बी दिसते.”

साल्पेकर उठले. खिशातली बाटली त्यांनी घट्ट धरली होती. निळी बाटली खरी होती. तिच्यात स्वयंपाकघरातल्या फिल्टरचे पाणी होते. ती त्यांनी लपवलीही नव्हती, कारण लपवण्यासारखे काही आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. थर्मासची बाटली झाली होती, जीपचा व्हरांडा झाला होता, सदर गृहस्थ तेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यभामाबाईंच्या पाण्याची बाटली काळी पडली. शाईसारखी, शंकेला जागा न ठेवणारी. साल्पेकरांना आधी जे वाटले ते समाधान होते, हे त्यांनी नंतर स्वतःशी कबूल केले. ते क्षणभरच टिकले. मग खिडकीतून त्यांना चिंचेखालची रांग दिसली. एका बाईने कडेवरच्या लेकराला वाकवून झारीखाली धरले होते.

“माणिक, हे बघ. बाईचं पाणी.”

माणिकताईंनी बाटली उजेडात धरली. “आणि आपलं?”

“आपलं काय?”

“आपल्या टाकीचं भरलंत का बाटलीत?”

“त्याला रोज पावडर टाकतो मी. त्याची काय तपासणी करायची?”

“मग करायला काय हरकत आहे,” माणिकताई म्हणाल्या आणि आत गेल्या. संसारातल्या चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याशी क्वचितच वाद घातला होता. त्या नुसता प्रश्न विचारून आत जात.

केवळ त्यांची जिरवावी म्हणून साल्पेकरांनी दुपारी तीन वाजता टाकीचे पाणी दुसऱ्या बाटलीत भरले आणि ती कपाटावर पहिलीच्या शेजारी ठेवली. त्यानंतरच्या दिवशी दुपारी ते जेवून हात धुवून आले आणि पाहतात तर दोन्ही बाटल्या एका रंगाच्या. तरी त्यांनी चष्मा पुसून पाहिला. मग ब्लीचिंग पावडरचा पुडा आणला, वास घेतला, पुड्यावरची तारीख पाहिली. पुडा गेल्या उन्हाळ्यातला होता आणि वर्षभर अर्धवट उघडा राहिला होता. उष्णतेने त्यातला दम कधीच निघून गेला होता. उरलासुरला दम ते रोज गढूळ पाण्यात ओतत होते. गढूळ पाण्यात टाकलेले क्लोरीन आधी मातीवर खर्च होते, जंतूंपर्यंत पोचता पोचता संपते आणि मागे नुसता वास राहतो. म्हणून पाणी आधी निवळावे, नंतरच पावडर घालावी. हे वाक्य खात्यात वाखाणल्या गेलेल्या पत्रकातले होते. तिसऱ्या परिच्छेदातले. महागूला त्यांनी तेच वाचून दाखवले होते.

ते बराच वेळ कपाटासमोर उभे राहिले. मग टेबलाशी बसले आणि जुन्या सवयीने मनातल्या मनात नमुना भरू लागले. स्रोत: गोपाळकृष्ण साल्पेकर, सेवानिवृत्त. रंग: गढूळ. वास: तीव्र. कठिणपणा: विहित मर्यादेपेक्षा जास्त. निकाल लिहिताना त्यांना कोणती ओळ खोडायची याचा विचार करावा लागला नाही.

“चादरीवाला कसा असेल गं?” त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारले.

“कोण चादरीवाला?”

“तो एकटाच प्यायला होता.”

माणिकताईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि या वेळी काही विचारले नाही. त्यांनी स्वतः जाऊन टाकीच्या तोटीला फडके बांधले.

साल्पेकर दोन्ही बाटल्या घेऊन चिंचेखाली गेले, तेव्हा चारची बस नुकतीच गेली होती आणि तिथे कोणी नव्हते. बाटल्या त्यांनी गोणपाटावर ठेवल्या आणि काळे पडण्याचा अर्थ सांगितला. शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगायचे त्यांनी ठरवले होते. तरी ‘मैल्यातले’ हा शब्द उच्चारताना त्यांची जीभ अडखळली.

सत्यभामाबाईंचा चेहरा उतरला. “माह्या हातचं पाणी काळं?”

“ही तुमची. ही माझी.”

“तुमची बी?” त्यांनी दोन्ही बाटल्या उचलल्या, चिंचेच्या सावलीबाहेर नेऊन उन्हात धरल्या आणि बारकाईने पाहिल्या. तांदूळ निवडणाऱ्या बाईची ती नजर होती. “तुमची जास्त काळी हाये.”

“हो,” साल्पेकर म्हणाले.

त्या परत येऊन बसल्या. मग सत्यभामाबाई झारीकडे पाहत हळूच म्हणाल्या, “गेल्या साली राजेंद्रले जुलाब लागलते. आठ दिवस ऑटो बंद होता. मले वाटे, ऊन लागलं असंन.” आणखी थोड्या वेळाने, “पर बंद कसं करू, बाबू? उद्या सकाळी ऑटो थांबते त लोकायले काय सांगू?”

“तुम्ही हे सुरू कशासाठी केलं?” साल्पेकरांनी विचारले. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. आपल्या पाणपोईच्या मागे महागू होता, एकतीस वर्षे होती, सेवापुस्तकातले कोरे पान होते. तिच्यामागेही तसेच काही असणार.

सत्यभामाबाईंना प्रश्न नीट कळला नाही. “कशासाठी म्हणजे? लोकायले तहान लागते म्हणून.”

साल्पेकरांनी मान डोलावली. मग ते कामाचे बोलू लागले.

नव्या रीतीने शुद्ध केलेले पाणी तपासून होईपर्यंत दोन दिवस काय पाजायचे, हा पहिला प्रश्न होता. ते काम माणिकताईंनी आपल्याकडे घेतले. स्वयंपाकघरातला फिल्टर पहाटेपासून चालू राहिला, शेगडीवर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळू लागले, आणि साल्पेकर झाकणाचे डबे घेऊन रस्त्यापलीकडे खेपा घालू लागले. उकळलेले पाणी गार व्हायला वेळ लागे, फिल्टरचे पुरत नसे; तीन वाजता रांजण कोरडे पडत आणि त्यानंतरच्या ऑटोतली माणसे ओठ चाटत निघून जात. साल्पेकर तेव्हा डबे हातात घेऊन उभे असत. एकतीस वर्षे ज्या पाण्याला त्यांनी केवळ बाटलीच्या मापाने ओळखले होते, त्याचे वजन पहिल्यांदा त्यांच्या खांद्यांना कळले.

“निवळीच्या बियांना मी अंधश्रद्धा म्हणत होतो,” एका खेपेत डबा खाली ठेवताना ते म्हणाले. “एका अहवालात तसं लिहिलंय मी.”

“मंग आता दुसरा लिवा,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

नवा क्रम असा ठरला: विहिरीचे पाणी आधी निवळीच्या बियाने निवळवायचे, वरचे नितळ पाणी दुहेरी धोतराने गाळून ड्रमात घ्यायचे, नव्या पुड्यातली पावडर पेलाभर पाण्यात कालवून तिची वरची निवळ तेवढी ड्रमात ओतायची, निदान अर्धा तास थांबायचे, आणि मग रांजण भरायचे. सगळे चिंचेच्या सावलीत. सत्यभामाबाईंचा विरोध फक्त पावडरीला होता.

“वास मारन.”

“नितळ पाण्यात थोडीशी पुरते. तुमचं पाणी आरशासारखं असतं, माझं नव्हतं. म्हणून माझं वास मारत होतं.”

“आन हात?”

“हात काय?”

“तुमी परवा माह्या हाताकडं पाहत होते. मी पाह्यलं.”

साल्पेकर ओशाळले. मग त्यांनी सांगून टाकले, की रांजणात हात जायला नको, लांब दांड्याचा डाव हवा. सत्यभामाबाईंनी घरातून लग्नाच्या पंगतीत वरण वाढायचा डाव आणला, तो राखेने घासला आणि चिंचेच्या फांदीला टांगला. “हे पयलेच सांगतलं असतं त,” त्या म्हणाल्या, “मी काय खाल्लं असतं तुमाले?”

पहिल्या दिवशी साल्पेकरांचे प्रमाण चुकले. ड्रमातल्या पाण्यात त्यांनी क्लोरीन उरले का हे दाखवणारे थेंब टाकले, तर पाणी पिवळे व्हायचे ते कोरेच राहिले. जन्मभर दुसऱ्यांना प्रमाण सांगणाऱ्या माणसाने ते सत्यभामाबाईंच्या देखत पुन्हा एकदा बोटांवर मोजले. दुसऱ्यांदा पाण्याला फिकट पिवळी झाक आली. त्यांनी नवी बाटली भरली, आणि ती या वेळी कपाटावर न ठेवता चिंचेच्या ढोलीत ठेवली, म्हणजे दोघांनाही दिसावी. येता-जाता दोघेही तिच्याकडे पाहत. दुसरे दिवशी संध्याकाळी सत्यभामाबाईंनी भाजी निवडणे थांबवून विचारले, “काय म्हणते जी बाटली?” तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती भरली तशीच होती.

साल्पेकरांनी आपला फलक काढून टाकला होता. तो टाकून देण्यासारखा नव्हता, चांगला पत्रा होता. सत्यभामाबाईंनी तो ड्रमावर झाकण म्हणून बरोबर बसतो हे शोधून काढले. मजकूर खालच्या बाजूला गेला. कोष्टक आता पाण्यालाच काय ते वाचता येत होते.

नऊच्या सुमारास राजेंद्रचा ऑटो येऊन थांबला. सहाजण उतरले. दोन दिवस फिल्टरचे पाणी पिऊन कंटाळलेल्या राजेंद्रने सवयीने ओंजळ पुढे केली, पण सत्यभामाबाईंनी झारी उचलली नाही.

“थांब. पयले बाबू घेईन.”

साल्पेकरांना हे अपेक्षित नव्हते, आणि अपेक्षित असायला हवे होते. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. निळी बाटली घरी होती. बाटली काळी पडली नाही, थेंब पिवळे झाले, हे सर्व त्यांना ठाऊक होते, आणि तरीही ज्या विहिरीपासून दहा पावलांवर गोठा आहे त्या विहिरीच्या पाण्यासमोर वाकताना त्यांच्या मानेवर काटा आला. आपला आपल्याच निकालावर विश्वास नाही, ही गोष्ट एकतीस वर्षांनी सदर गृहस्थांच्या निदर्शनास आली. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, वाकून ओंजळ केली. धार आली. पहिला घोट घेताना निम्मे पाणी बाहीत गेले. पाणी गार होते, मातीच्या वासाचे होते, आणि त्या वासाच्या मागे अगदी दूर, ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल एवढा, प्रयोगशाळेचा वास होता. त्यांनी ओंजळ खाली घेतली नाही. दुसऱ्यांदा प्यायले.

“आता तुमी पाजा,” सत्यभामाबाई म्हणाल्या आणि भरलेली झारी त्यांच्या हातात दिली.

राजेंद्र वाकला, पण ओंजळ तोंडाशी नेण्यापूर्वी त्याने मान वर केली. “काका, याच्यात दवाई त नाई ना?”

नाही म्हणणे सोपे होते. राजेंद्र प्यायला असता, सहाच्या सहाजण प्यायले असते, आणि कोणाचे पोट बिघडले नसते. साल्पेकरांना उत्तराबरोबर एक टक्केवारी आणि एक खुलासा सांगावासा वाटला. ते दोन्ही त्यांनी गिळले.

“आहे,” ते म्हणाले. “चिमूटभर. तुझ्यासमोर मी प्यायलो तेच आहे.”

राजेंद्रने सत्यभामाबाईंकडे पाहिले.

“हौ,” त्या म्हणाल्या. “मी बी तेच पेतो सकाळपासून. निवळीचं बी माह्यं, दवाई त्यायची. पेयाचं असंन त पे, नाई त गाडी काढ. मागं लोकं थांबले.”

राजेंद्रच्या मागे उभी असलेली एक म्हातारी हसली. राजेंद्रही हसला आणि त्याने ओंजळ पुन्हा जुळवली. साल्पेकरांनी झारी कलंडवली. ती त्यांना वाटली होती त्यापेक्षा जड होती. धार एकदम आली, राजेंद्रच्या ओंजळीत उसळली आणि त्याच्या शर्टावर छातीपर्यंत सांडली.

“धार बारीक, बाबू,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “मनगट वाकवा. तुमी बाटलीत भरून नाई राह्यले.”

साल्पेकरांनी मनगट वाकवले. धार बारीक झाली, थरथरत राहिली, पण तुटली नाही. राजेंद्र पीत राहिला. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती, आणि साल्पेकर ती नुसती पाहत होते. थोड्या वेळाने त्याने मान वर करून दम घेतला, ओल्या हाताने तोंड पुसले आणि ओंजळ पुन्हा पुढे केली.

“गोड हाये,” तो म्हणाला. “अजून टाका.”